संघ कोणाचा?

क्रिकेटवर बोलायला मराठी माणसाला निमित्त लागत नाही. फुटबॉलची गोष्ट निराळी. कोल्हापूरकर आणि गोमंतकीय सोडले, तर आपल्या बहुतेक घरांत या खेळाची ओळख शाळेच्या मैदानापलीकडे फारशी गेलेली नव्हती. म्हणूनच चलथाणसारख्या ठिकाणची मराठी मुले रात्री अकरा वाजता इंग्लंडमधल्या एका संघाच्या प्रशिक्षकावरून हमरीतुमरीवर येतात, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. उसाचे मळे, कापड रंगवणाऱ्या-छापणाऱ्या मिला, महामार्गावरची अखंड वाहतूक आणि उधना-जळगाव लोहमार्गावरचे एक लहानसे स्थानक एवढाच या गावाचा पसारा. त्या लोहमार्गाने नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव इकडून आलेल्या कुटुंबांची ही तिसरी पिढी. आजोबा पोटासाठी आले, वडील यंत्रमागावर किंवा मिलमध्ये राबले, आणि नातू भ्रमणध्वनीच्या वीतभर पडद्यावर मँचेस्टरचे मैदान पाहतात. भाषा थोडी मराठी, थोडी अहिराणी, मध्येच गुजराती; आवेश मात्र निखळ आपल्या गावाकडचा.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मँचेस्टर युनायटेडने रुबेन अमोरिम या पोर्तुगीज प्रशिक्षकाला आणले, तेव्हापासून त्या हंगामाच्या अखेरपर्यंत आमच्या ओट्यावर ही सभा जवळजवळ रोज भरत असे. संघ हरत होता. मे २०२५ मध्ये हंगाम संपला तेव्हा तो पंधराव्या क्रमांकावर होता. १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाल्यापासून इतका खाली तो कधीच गेला नव्हता. त्याच महिन्यात युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात टॉटनहॅमने त्याला हरवले. मुलांत तीन तट पडले. एकाचे म्हणणे, प्रशिक्षकाला खेळाडू ओळखता येत नाहीत. दुसऱ्याचे, खेळाडूच कुचकामी आणि त्यांच्यावर पैसा उधळला गेला. तिसऱ्याचे, हे सारे वरवरचे. मूळ रोग मालकाचा. मी जवळच बसलेलो असे. वयाचा मान म्हणून मधूनमधून विचारणा होई, “काका, तुम्ही सांगा, दोष कोणाचा?”

या प्रश्नाचे उत्तर शोधायला चलथाणच्या माणसाला फार लांब जावे लागत नाही. आमच्या गावाची खरी ओळख येथल्या सहकारी साखर कारखान्याची. साखरेच्या धंद्यात ‘उतारा’ नावाचा एक शब्द आहे. शंभर भाग उसातून किती भाग साखर हाती आली, त्याचे ते माप. उतारा घसरला की पहिले बोट कारखान्यातल्या अधिकाऱ्यांकडे वळते. परंतु ऊस अपुऱ्या वाढीचा असेल, तोडल्यावर दोन-तीन दिवस उन्हात पडून राहिला असेल, तर जगातला कोणताही रसायनतज्ज्ञ त्यातून नसलेली साखर काढू शकत नाही. फुटबॉलच्या प्रशिक्षकाची स्थिती हीच. सर अॅलेक्स फर्ग्युसन यांनी तेरा वेळा लीग जिंकून २०१३ मध्ये निवृत्ती घेतली. त्यांच्यामागून मोयेस, व्हान गाल, मोरिन्यो, सोल्शायर, टेन हाग आणि मग अमोरिम असे एकामागून एक आले. त्यांतले काही आधी इतरत्र मोठी यशे मिळवलेले होते. इतक्या जाणत्या माणसांचा उतारा एकाच कारखान्यात घसरत असेल, तर ऊस कोण निवडतो, तो किती दिवस उन्हात पडतो, हेही विचारले पाहिजे. मुलांना ही उपमा पटली. निदान प्रशिक्षकाच्या विरोधातला तट त्या रात्रीपुरता नरमला.

दुसरा मुद्दा पैशाचा. युनायटेडने २०२२ मध्ये अँटनी नावाच्या ब्राझिली खेळाडूला आयाक्स संघाकडून आठ कोटी पौंडांहून अधिक किंमत देऊन आणले. तीन वर्षांनी तो स्पेनच्या रेआल बेटिसकडे गेला, तो जवळजवळ चौथ्या हिश्शाच्या किमतीला. आता यात त्या खेळाडूचा अपराध काय? त्याने कोणाच्या गळ्याला सुरी लावून किंमत मागितली नव्हती. बेटिसमध्ये तर तो छान खेळला. घाईची खरेदी महाग पडते, हे आपल्या घरातल्या बायकांना लग्नसराईच्या बाजारात फार पूर्वी कळलेले आहे. मुहूर्त तोंडावर आला, अजून शालू घेतलेला नाही, हे दुकानदाराला एकदा उमगले की भाव तोच ठरवतो. हंगाम सुरू झाल्यावर धावाधाव करणाऱ्या मोठ्या संघाची अवस्था नेमकी अशीच होते.

तरीही या दोन्ही गोष्टींच्या मुळाशी तिसरी उभी राहते, ती मालकीची. अमेरिकेतल्या ग्लेझर कुटुंबाने २००५ मध्ये हा क्लब विकत घेतला. त्या खरेदीसाठी काढलेल्या कर्जाचा मोठा भाग क्लबवरच टाकण्यात आला. म्हणजे घर विकत घेणाऱ्याने त्याच घराच्या नावावर कर्ज काढावे आणि हप्ते घरातल्यांनी फेडावेत, असा तो व्यवहार होता. तोवर कर्जमुक्त असलेला क्लब पुढे वर्षानुवर्षे व्याज भरत राहिला. सामन्यांना येणाऱ्यांनी पिवळे-हिरवे रुमाल गळ्यात घालून निषेध केला. काही जणांनी तर त्याच वर्षी ‘एफ. सी. युनायटेड ऑफ मँचेस्टर’ नावाचा आपला निराळा क्लब काढला. तिथे प्रत्येक सभासदाला एकच मत. २०२४ च्या फेब्रुवारीत जिम रॅटक्लिफ या इंग्रज उद्योगपतीने मूळ क्लबचा चौथ्याहून थोडा अधिक हिस्सा घेतला आणि खेळाचा कारभार हाती घेतला. परंतु बहुसंख्य मते ग्लेझरांकडेच राहिली.

इथवर मुलांचा वाद मजेत चाले. त्या बैठकीत एक जण मात्र गप्प असायचा, तो माझा भाचा. पुण्यात अभियांत्रिकी शिकत असताना तो बालेवाडीच्या मैदानावर एफ. सी. पुणे सिटीचे सामने पाहायला जात असे. एका रात्री इतरांनी त्याला छेडले, “तू का बोलत नाहीस रे?” तो माझ्याकडे पाहून म्हणाला, “मामा, यांचा संघ हरतो म्हणून हे रडतात. पण तो आहे तरी. आमचा तर उचलूनच नेला.” आणि उठून गेला.

त्याचे दुःख समजून घ्यायचे तर थोडा इतिहास सांगायला हवा. इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली, तेव्हा पुण्याचा हा संघ पहिल्या आठांपैकी एक होता. मालकी वाधवान उद्योगसमूहाकडे, जोडीला चित्रपटतारेही. पहिल्याच वर्षी १९९८ चा विश्वविजेता फ्रेंच खेळाडू दाविद त्रेझेगे नारिंगी सदरा घालून उतरला. पुढच्या वर्षी रुमानियाचा आद्रियन मुतू. प्रशिक्षकांची तर रांगच लागली. कोलोम्बा, प्लॅट, हाबास, पोपोविच, पोर्तुगाल, ब्राउन असे पाच हंगामांत सहा परदेशी प्रशिक्षक झाले. यांपैकी हाबास यांनी कोलकात्याला पहिल्याच वर्षी विजेतेपद मिळवून दिलेले होते. पुण्याला मात्र ते साधले नाही. पाच हंगामांत एकदाच, २०१७-१८ मध्ये, संघ उपांत्य फेरीत पोहोचला. पुण्यातला पहिला सामना गोलाविना सुटला. माझा भाचा त्या रात्री प्रेक्षकांत होता. बेंगळुरूला दुसऱ्या सामन्यात सुनील छेत्रीने तीन गोल केले आणि स्वप्न संपले.

तरी तो पराभवच होता, आणि पराभव पुढच्या वर्षी भरून काढता येतो. २०१९ मध्ये मालक आर्थिक अडचणीत आले. त्या वर्षीच्या ऑगस्टात लीगमधली पुण्याची जागा नव्या मालकांच्या हाती हैदराबादला गेली. मैदान राहिले, माणसे राहिली, गळ्यातले रुमाल राहिले. संघ तेवढा राहिला नाही. त्याच महिन्यात दिल्लीचा संघ भुवनेश्वरला जाऊन ओडिशाचा झाला. हैदराबादने २०२१-२२ चे अजिंक्यपद जिंकले तेव्हा पुण्यातल्या कित्येकांना ते आपल्या मुलीच्या सासरच्या वैभवासारखे दुरून पाहावे लागले. पण ते वैभवही टिकले नाही. पुढे खेळाडूंचे पगार थकले, परदेशी खेळाडू सोडून गेले, आणि २०२५ मध्ये हैदराबादची ती जागाही उचलून दिल्लीला नेण्यात आली. पुण्यातून निघालेली वरात हैदराबादमार्गे दिल्लीला पोहोचली, आणि वाटेत दोन शहरांतली माणसे रिकाम्या मांडवात उभी राहिली.

पुण्याला हा पहिलाच अनुभव होता असे नाही. पिरामल समूहाने २००७ मध्ये काढलेला पुणे एफ. सी. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला आणि २०१५ नंतर मैदानावर दिसला नाही. कल्याणी समूहाचा भारत एफ. सी. २०१४-१५ चा एकच हंगाम खेळला. मुंबईत महिंद्र युनायटेड या जुन्या संघाने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली होती. चारच वर्षांनी, २०१० मध्ये, कंपनीने तो बंद करून शालेय फुटबॉलकडे लक्ष देण्याचे ठरवले. मुंबई सिटी संघाचा ६५ टक्के हिस्सा २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालक कंपनीने घेतला. संघाने विजेतेपदे मिळवली, तरी भारतीय लीगचे भवितव्यच अनिश्चित झाल्यावर २०२५ च्या डिसेंबरात ती कंपनी बाहेर पडली.

या मालकांना सरसकट खलनायक ठरवणे अन्यायाचे होईल. फुटबॉलच्या संघात आपल्याकडे कमाई थोडी आणि खर्च अफाट. स्वतःचे कोट्यवधी रुपये घालणाऱ्याला ‘आता पुरे’ म्हणण्याचा अधिकार असणारच. भावनेच्या भरात आपण विसरतो, की इतकी वर्षे तिकिटाच्या पैशातून संघ चालत नव्हता, त्यांच्या पदरच्या पैशातून चालत होता. माझा प्रश्न एवढाच आहे, की ‘आता पुरे’ म्हणणाऱ्याने दार बंद करावे की घरच उचलून न्यावे? आणि घर जाणार हे घरातल्यांना आधी सांगण्याची रीत तरी असावी की नाही?

इंग्लंडमध्ये असाच प्रसंग २००२ मध्ये घडला. लंडनचा विम्बल्डन संघ सुमारे नव्वद किलोमीटरांवरच्या मिल्टन कीन्स या गावी नेण्यास परवानगी मिळाली. मागे राहिलेल्यांनी त्याच उन्हाळ्यात गावच्या माळावर खेळाडूंची निवडचाचणी घेतली आणि पैसे जमवून आपला नवा संघ अगदी खालच्या पायरीपासून सुरू केला. नऊ वर्षांत तो वर चढत मुख्य लीगमध्ये आला. २०२० मध्ये त्याने प्लाउ लेन या आपल्या जुन्या रस्त्यावर नवे मैदान बांधले. जर्मनीत तर नियमच आहे, की काही थोडे अपवाद वगळता क्लबच्या मतांपैकी निम्म्याहून एक तरी अधिक मत सभासदांच्या हाती असले पाहिजे. स्पेनमध्ये बार्सिलोना आणि रेआल माद्रिद यांचे अध्यक्ष सभासद निवडून देतात.

हे ऐकून मुलांपैकी एक जण पटकन म्हणाला, “म्हणजे आपल्या कारखान्यासारखे!” त्याचे म्हणणे खरे होते. दक्षिण गुजरातेतल्या सहकारी कारखान्यांत मार्चअखेर उसाचा भाव जाहीर होतो, आणि त्या दिवशी गावोगाव जो कडाक्याचा वाद चालतो तो ओट्यावरच्या वादाहून तसूभरही कमी नसतो. फरक एकच: तिथे ओरडणाऱ्याच्या खिशात मत असते. संचालक पटले नाहीत तर पुढच्या निवडणुकीत त्यांना घरी बसवता येते. कारखाना उचलून दुसऱ्या जिल्ह्यात नेण्याचा विचार कोणाच्या मनातही येत नाही.

परंतु सहकाराचेही देव्हारे माजवण्याचे कारण नाही. बार्सिलोनाच्या सभासदांनी निवडून दिलेल्या कारभाऱ्यांनीच कर्जाचा डोंगर उभा केला, आणि त्यामुळे २०२१ मध्ये मेस्सीसारख्या खेळाडूला डोळ्यांत पाणी आणून निरोप घ्यावा लागला. महाराष्ट्रात किती सहकारी कारखाने बुडाले आणि विकले गेले, हे वाचकांना ठाऊक आहेच. आणखी एक गोष्ट आहे, ती आपण मराठी माणसांनी तरी विसरू नये. या कारखान्यांना लागणारा ऊस तोडायला धुळे, नंदुरबार, डांग भागांतून हजारो कुटुंबे दरवर्षी दिवाळीनंतर येतात. ती कोयता घेऊन पहाटे फडात उतरतात, लेकरे पाचटाच्या झोपडीत वाढवतात आणि पावसाळ्यापूर्वी परत जातात. गाळपाच्या प्रत्येक पोत्यात त्यांचा घाम आहे, पण भाव ठरवणाऱ्या सभेत त्यांना जागा नाही. सभासद जमिनीचा मालक, तोडणारा नव्हे. मत कोणाला, हा प्रश्न सहकारातही संपत नाही.

कोल्हापूरचे उदाहरण मला म्हणूनच मोलाचे वाटते. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींचे संघ, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ. शाहू स्टेडियमवर सामना असला की अर्धे शहर दोन रंगांत वाटले जाते. संघ पेठेचा असतो. खेळाडू गल्लीतला, वर्गणी दुकानादुकानांतून. अलीकडे तिथेही आफ्रिकेतून आलेले खेळाडू दिसू लागले. मग बाहेरच्यावर पैसा घालायचा की पेठेतल्या पोराला संधी द्यायची, हाच मँचेस्टरचा वाद तालमीच्या कट्ट्यावर रंगतो. हुल्लडही होते आणि तिचे समर्थन कोणी करू नये. पण पाटाकडीलचा संघ कोणी साताऱ्याला नेईल अशी भीती तिथल्या आजोबांना कधी वाटली नसेल. त्याच मातीतून अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारतातर्फे खेळला.

आता आमच्या मुलांचे सांगतो. मिलच्या मागच्या मोकळ्या जागेवर ती रविवारी सकाळी खेळतात. गेल्या वर्षी एका व्यापाऱ्याने त्यांना सदरे, बूट आणि वर्षाचा सगळा खर्च देऊ केला. दोनच अटी होत्या: संघाला त्याच्या पेढीचे नाव आणि कोण खेळणार हे तो ठरवणार. मुलांची दोन रात्री खडाजंगी झाली. फाटक्या बुटांनी खेळणाऱ्याला तत्त्वज्ञान ऐकवणे सोपे नसते. एकाने तर स्पष्ट विचारले, “नाव राहिले तर काय खायचे आहे का?” या वेळी भाचा बोलला. तो म्हणाला, “नाव सदऱ्यावर लावू द्या. पाठीवर, मोठ्या अक्षरांत लावू द्या. पण खेळणार कोण हे आपण ठरवायचे, आणि संघाचे नाव आपले राहील. नाहीतर त्याचा धंदा बसेल त्या दिवशी आपण कोण?” हात वर करून मते घेतली गेली. अकरा विरुद्ध सहा. व्यापाऱ्याकडे हा निरोप गेला. त्याने निम्मीच मदत केली. बूट सगळ्यांना पुरले नाहीत. उरलेल्यांसाठी दरमहा पन्नास रुपये वर्गणी ठरली आणि तिचा हिशेब एका वहीत लिहिला जातो. ती वही कोणालाही, केव्हाही पाहता येते.

हरणे-जिंकणे यातून काही बदलले आहे असे मी म्हणणार नाही. मध्यंतरी बारडोलीच्या एका संघाने त्यांचा चांगलाच धुव्वा उडवला, आणि त्या संध्याकाळी ‘कर्णधार बदला’ अशी मागणीही झाली. मँचेस्टरची हवा इथेही लागते. पण कर्णधार बदलायचा की नाही हे पुढच्या रविवारी त्यांनीच ठरवले.

आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या कुटुंबांना हा विषय परका वाटू नये. आपली गणेशोत्सव मंडळे, वाचनालये, मराठी शाळा आजवर वर्गणीवर आणि फावल्या वेळावर उभ्या राहिल्या. वर्गणी आटली, सभेला कोरम मिळेना, की कोणीतरी उदार दाता पुढे येतो आणि आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. दात्याचे आभार मानावेत, त्याचे नाव फलकावर लिहावे. मात्र सभासदांची यादी, हिशेबाची वही आणि मताचा हक्क या तीन वस्तू त्याच्या हवाली करू नयेत. कारण दात्याची परिस्थिती बदलू शकते, त्याचे मनही बदलू शकते, आणि मग आपल्या हाती गळ्यातला रुमाल तेवढा राहतो. यंदाची वर्गणी भरली नसेल तर ती भरावी आणि वार्षिक सभेची तारीख विचारून ठेवावी, एवढेच या निमित्ताने सुचवावेसे वाटते.